टेबल राखलंय, पण पान कधी वाढणार?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या गावातल्या घराघरांतून अमेरिकेच्या तिकिटांच्या गोष्टी सुरू होतात. कुणाचा मुलगा तिथे, कुणाचे दीर, कुणाची नणंद. मग मला हटकून विचारणा होते, "तुम्ही जाऊन आलात ना? काय काय न्यावं हो बरोबर?" मी मेतकूट सांगते, थालिपिठाची भाजणी सांगते, सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल सांगते. पण जी एक गोष्ट सगळ्यांत आधी सांगायला हवी, ती मात्र सांगायची राहून जाते. कारण ती सांगताना माझी मलाच लाज वाटते. आज लिहूनच टाकते.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमचे धाकटे भाऊजी तिकडे नोकरीला आहेत. त्यांनी मोठ्या हौसेनं आम्हा सगळ्यांना फ्लोरिडातल्या एका थीम पार्कला नेलं. पार्कचं आणि तिथल्या उपाहारगृहाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण चूक त्यांची थोडी आणि आमची जास्त. सासूबाई, हे, मी, आमची दोन मुलं, भाऊजी, धाकट्या जाऊबाई आणि त्यांचा अडीच वर्षांचा लहानगा, अशी आम्ही आठ माणसं.

जाऊबाईंनी दीड महिना आधीच तिथल्या एका उपाहारगृहात टेबल राखून ठेवलं होतं. आतून सगळी जुन्या जहाजासारखी सजावट, शिडं काय, कंदील काय! मुलं सकाळपासून त्याचाच जप करत होती. वेळ होती संध्याकाळी ७ ची. दिवसभर ऊन आणि पायपीट. सासूबाईंना मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी अर्धा तास त्या इन्सुलिनचं इंजेक्शन घेतात. साडेसहाला मीच घड्याळ पाहून म्हटलं, "आई, इंजेक्शन घेऊन टाका. सातला आपण ताटावर असू." त्यांनी घेतलं. घरी रोज मी असंच सांगते, आणि घरी सातला ताट खरोखर समोर असतं.

सातला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दारात हजर. तिथल्या मुलीनं हसतमुखानं नाव टिपून घेतलं आणि हातात एक चपटी डबी दिली. टेबल तयार झालं की ही थरथरते आणि तिच्यावरचे दिवे लागतात, म्हणाली. सव्वासात झाले, डबी गप्प. साडेसात झाले, डबी गप्पच. भाऊजी तीनदा विचारून आले. दर वेळी उत्तर एकच, आता थोड्याच वेळात. आमच्यामागून आलेली दोन-तीन कुटुंबं आत गेली तेव्हा तर ह्यांचा पाराच चढला. मुलं भुकेनं कुरकुरायला लागली, तेव्हा त्यांना बिस्किटाचा पुडा फोडून दिला. सासूबाई भिंतीलगतच्या बाकावर बसून होत्या. "आई, तुम्हाला काही हवंय का?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "असू दे गं, बसलेय ना मी."

पावणेआठच्या सुमारास धाकटी धावत आली, "आई, आजी काहीतरीच बोलतेय." जाऊन पाहते तो सासूबाई घामानं चिंब, हात थरथरताहेत आणि मला त्या नणंदेच्या नावानं हाक मारताहेत. पिशवीतलं यंत्र काढून बोटाला सुई टोचली. आकडा आला ५४. मला काही सुचेना. तेवढ्यात दारावरची ती मुलगीच धावत आत गेली आणि संत्र्याच्या रसाचा पेला घेऊन आली. तो घोट घोट पाजला. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुई टोचली, आकडा ७६. मग कुठे जीव भांड्यात पडला.

आता खरी गोष्ट पुढे आहे. ती मुलगी गुडघ्यावर बसून भाऊजींना म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंत? मी सातलाच रस नि पाव आणून दिला असता." आणि दुसरं म्हणाली ते ऐकून तर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आम्ही आठ जण, म्हणून शेजारशेजारची दोन टेबलं एकदम रिकामी व्हायची ती वाट पाहत होती. चार-चार जण वेगळे बसायला तयार आहोत एवढं आम्ही म्हटलं असतं, तर निम्मी माणसं सव्वासातलाच आत गेली असती. तीनदा आम्ही "किती वेळ?" हे विचारलं. "का घाई आहे" हे एकदाही सांगितलं नाही.

रात्री खोलीवर आल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "मला सव्वासातलाच घाम फुटायला लागला होता गं. पण मुलांची तोंडं पाहिली. म्हटलं, माझ्यामुळे रंगाचा बेरंग नको. आणि बाईमाणसाला थांबायची सवय असतेच की." त्या वाक्यानं मला जेवढं टोचलं, तेवढं ह्यांच्या रागावण्यानंही टोचलं नाही.

घरी आल्यावर मी या टेबल राखण्याच्या प्रकाराची नीट माहिती करून घेतली. ती तुम्हाला सांगते.

रिझर्व्हेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो रेल्वेचा बर्थ. आपलं नाव, आपला नंबर, ती जागा आपलीच. थीम पार्कमधलं टेबल तसं नसतं. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं उदाहरण घेऊ. १ ऑक्टोबर १९७१ ला ते उघडलं आणि आज तिथे चार मोठी पार्कं आहेत. टेबलावर वाढणाऱ्या तिथल्या उपाहारगृहांत ६० दिवस आधीपासून नाव नोंदवता येतं. कोविडच्या साथीच्या आधी तर ही मुदत १८० दिवसांची होती, म्हणजे सहा महिने आधी ठरवायचं की अमुक दिवशी अमुक वाजता आपल्याला भूक लागणार! पण एवढं करूनही आपल्याकरता टेबल रिकामं धरून ठेवलेलं नसतं. आपण ठरल्या वेळी पोचलो की आपल्या माणसांच्या संख्येला पुरेल असं पुढचं जे टेबल सुटेल ते आपलं, असा त्याचा अर्थ. थोडक्यात, आपण जेवणाची वेळ राखलेली नसते, रांगेतली पुढची जागा राखलेली असते.

तुम्ही म्हणाल, मग वेळ देतातच कशाला? तर एक कुटुंब साधारण किती वेळ बसतं याचा अंदाज बांधून ते वेळा वाटतात. पण अंदाज तो अंदाजच. कुणाचा वाढदिवस असतो, केक येतो, फोटो निघतात. कुणाचं मूल झोपी जातं. उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी गडगडाटासह पाऊस येतो, तो आला की आत बसलेली मंडळी उठत नाहीत आणि बाहेरची सगळी आत शिरतात. अशी दहा-दहा मिनिटं साठत साठत संध्याकाळपर्यंत त्यांचा पाऊण तास होतो.

बरं, आत रिकामी टेबलं दिसत असूनही आपल्याला का बसवत नाहीत, याचंही कारण आहे. प्रत्येक वाढप्याकडे ठरावीक टेबलं असतात. वाढपी कमी असले किंवा स्वयंपाकघर तुंबलं असलं, तर माणसं आत घेऊन उपयोग नसतो. पोळ्या लाटणारी एकच बाई असताना दहा पाट मांडून काय होणार? आणि आपल्यामागून आलेले आधी गेले, त्यात लबाडी असतेच असं नाही. ते दोघं असतात आणि दोघांचं टेबल सुटलेलं असतं.

वाट पाहण्याबद्दल आणखी एक गोष्ट वाचनात आली. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकानं १९८५ मध्ये रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनावर एक लेख लिहिला. त्याचं सांगणं असं की, रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचं ते माहीत नसलं, का थांबायचं ते कळलं नाही, किंवा आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं, की तोच वेळ आणखी लांबतो. आम्हाला त्या संध्याकाळी हे सगळं एकदमच झालं होतं. पण मैत्रिणींनो, हे झालं मनाचं. पोटाचं तसं नाही. मूल गोष्टीत रमवता येतं, नवरा गप्पांत रमवता येतो. शरीरात गेलेलं इन्सुलिन मात्र गप्पांत रमत नाही. ते आपलं काम करतच राहतं.

म्हणून, जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. राखलेल्या वेळेवर कुणाचीही भूक टांगून ठेवू नका. लहान मुलांना आणि वडीलधाऱ्यांना त्याआधी तास-अर्धा तास थोडं खायला द्या. जेवण कमी जाईल म्हणून जीव हळहळतो, मला कळतं. पण डॉलर वाया गेलेले परवडतात. डिस्ने वर्ल्डमध्ये घरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, फक्त काचेची बरणी चालत नाही आणि गरम करावं लागेल असं काही नसावं. इतर ठिकाणचा नियम आधी विचारून घ्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, भाजलेले दाणे, केळी. फार सामान नको, माणशी मूठभर पुरे.

दुसरी. जेवायची वेळ जरा अलीकडची घ्या. बारा ते एक आणि संध्याकाळी सहा ते सात या वेळांना सगळं जग जेवायला येतं. साडेअकरा किंवा साडेचार-पाच ही वेळ घेतली तर उशिराच्या दहा-दहा मिनिटांचा ढीग अजून साचलेला नसतो.

तिसरी. माणसं जास्त असतील तर नाव सांगतानाच सांगून टाका, "दोन टेबलांवर वेगळे बसलो तरी चालेल." आठ माणसांनी एकाच टेबलावर बसण्याची हौस घरी भागवता येते. एक पाहा, सहा किंवा अधिक माणसं असली तर तिथे बिलात १८ टक्के बक्षिशी आपोआप धरलेली असते. बिल नीट वाचा, नाहीतर दुसऱ्यांदा द्याल.

चौथी. मुलांच्या वयाचा हिशेब आधी करा. डिस्नेच्या हिशेबात १० वर्षं पूर्ण झाली की माणूस मोठा, म्हणजे आपला पाचवीतला मुलगा तिथे मोठ्यांच्या दराचं ताट घेतो. जिथे माणशी एकच दर असतो अशा बुफेत ३ वर्षांखालच्या बाळाला पैसे पडत नाहीत, पण नाव नोंदवताना त्याला माणसांत धरायला विसरू नका. बाळ मांडीवर बसेल असं आपण म्हणतो, त्यांना खुर्ची मांडावी लागते.

पाचवी. जायचं नसेल तर नाव वेळेत काढून टाका. डिस्ने वर्ल्डमध्ये बहुतेक ठिकाणी ठरल्या वेळेच्या दोन तास आधीपर्यंत नाव काढता येतं. त्यानंतर काढलं किंवा गेलोच नाही, तर माणशी १० डॉलर कापले जातात. आणि हा दंड डोळ्यांसमोर ठेवून उपाशी ताटकळू नका. जवळच साधी काउंटरची दुकानं असतात. तिथे मोबाइलवरून आधी सांगून ठेवलं की ठरल्या वेळी जाऊन ताट उचलायचं. शिवाय अशा काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट मिळतं, बाटल्या विकत घेत बसू नका. शाकाहारी माणसांसाठी तिथल्या पत्रिकेवर पानाची खूण असते. त्या खुणेच्या पदार्थात मांस, मासे, अंडी, दूध, मध यांतलं काहीच नसतं. आणि वरण-भाताच्या आठवणीनं कुणी कासावीस झालंच, तर अ‍ॅनिमल किंगडम लॉज या त्यांच्या हॉटेलात सना नावाचं उपाहारगृह आहे, तिथे नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या मिळतात. वरण-भात नव्हे, पण ओळखीची चव खरी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, मधुमेह असलेल्या माणसाचं. जेवणाआधीचं इन्सुलिन परक्या ठिकाणी कधी घ्यायचं हे निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचाराच. काही इन्सुलिनं जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असतात, काही अगदी ताटावर बसताना. आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंना परत आल्यावर सांगितलं, बाहेर असताना खाणं डोळ्यांना दिसल्याशिवाय सुई काढायची नाही. दिवसभराच्या चालण्यानंही साखर उतरते, तेही ध्यानात ठेवा. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणं. यंत्रात ७० च्या खाली आकडा आला, किंवा यंत्र हाताशी नसेल पण लक्षणं दिसली, तर लगेच साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी. म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, किंवा अर्धा कप फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढंच द्या. आकडा वर आला की मग पोटभर खाणं. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, मदत बोलवा. अमेरिकेत तो नंबर ९११ आहे. साखरेच्या पुड्या पर्समध्ये, मुलांच्या दप्तरात, ह्यांच्या खिशात, सगळीकडे ठेवा. त्या दिवशी आमच्याजवळ बिस्किटं होती, मुलांना दिलीही होती. ज्यांना त्यांची खरी गरज होती त्यांना द्यायचं मला सुचलं नाही.

आणि शेवटची गोष्ट, ती यादीत बसत नाही. दारावरच्या माणसाला आपली अडचण सांगा. आपलं इंग्रजी कसं वाटेल, लोक काय म्हणतील, आपण रांग मोडतोय असं दिसेल, या भिडेपोटी आपण गप्प राहतो. "माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांनी इंजेक्शन घेतलंय, त्यांना आत्ता खायला हवं." एवढं वाक्य मोडक्यातोडक्या इंग्रजीतही कुणालाही कळतं. मी शाळेत मुलांना रोज सांगते, अडलं तर हात वर करा. आणि स्वतः पाऊण तास हात खाली ठेवून बसले.

पण त्याहूनही आधी आपल्याच माणसांना सांगा. आपल्या घरांतून पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग उरलंसुरलं घेऊन बायकांची, असं वर्षानुवर्षं चाललं. सासूबाईंचा तर सगळा जन्म त्यातच गेला. ताटकळण्याचा त्यांना इतका सराव झालाय की जिवावर बेतलं तरी "असू दे" हेच तोंडात येतं. "बाईमाणसाला सवय असतेच" हे त्या म्हणाल्या तेव्हा मला राग आला, पण मग विचार केला, मी तरी काय वेगळं करते? डोकं दुखत असलं तरी आधी सगळ्यांचे डबे, मग माझी गोळी. माझी धाकटी हे रोज बघतेय.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबल राखलेलं होतं, दुसऱ्या ठिकाणी, पुन्हा सातचंच. सहा वाजता सावलीतल्या एका बाकावर आम्ही बसलो. जाऊबाईंनी घरून केलेल्या पुऱ्यांचा डबा उघडला. धाकटीनं सगळ्यांत आधी आजीच्या हातावर दोन पुऱ्या ठेवल्या. सवयीनं सासूबाई म्हणाल्या, "आधी मुलांना देऊ या." तशी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, तू खाल्ल्याशिवाय कुणीच खायचं नाही." सासूबाई हसल्या आणि खायला लागल्या. त्या दिवशी टेबल पावणेआठला मिळालं. पण कुणी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.